रायफायझन यांची पेढी आणि आमची सोसायटी

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म 30 मार्च 1818 चा. आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्या आणि त्यांच्या डोक्यावरच्या जिल्हा बँका ज्या कल्पनेतून आल्या, ती कल्पना मुळात या जर्मन माणसाची. पण त्यांचा जन्मदिवस नेमका अशा तारखेला येतो की सोसायटीच्या कचेरीत त्या दिवशी कुणाला मान वर करायला सवड नसते. दुसऱ्या दिवशी 31 मार्च. वसुली, कर्जाचं नवं-जुनं, किर्द जुळवणं, बँकेत भरणा. पुरंदर तालुक्यातल्या सोसायट्यांचा सचिव म्हणून माझी सगळी नोकरी गेली आणि एकाही 30 मार्चला मी त्यांचं नाव कचेरीत उच्चारलेलं ऐकलं नाही. सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए.च्या परीक्षेत चार मार्कांची टीप म्हणून हा माणूस भेटतो आणि पेपर संपला की विसरला जातो.

तो विसरला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यांनी हयातभर पडत-उठत जे शिकून घेतलं, नेमकं तेच आपण कायद्याच्या पुस्तकात घेतलं आणि गावात मात्र हळूहळू सोडून दिलं.

रायफायझन मूळचे सैनिक. जन्म वेस्टरवाल्डच्या डोंगराळ, गरीब मुलखातल्या हाम या गावी. वडील लवकर गेले, घरात नऊ मुलं, पुढच्या शाळेला पैसा नाही. गावच्या पाद्रीबाबांनी जेवढं शिकवलं तेवढी विद्या घेऊन वयाच्या सतराव्या वर्षी हा मुलगा प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाला. कोलोन, मग कोब्लेन्झ, मग साइनच्या लोखंडी कारखान्यात लष्करी मालाची तपासणी. पुढे अधिकारी होण्याचा मार्ग दिसत असतानाच डोळ्यांचं दुखणं जडलं आणि 1843 मध्ये फौज सोडावी लागली. ते दुखणं आयुष्यभर सुटलं नाही, उतारवयात तर जवळजवळ आंधळेपण आलं. पण तोफखान्यातली एक सवय त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते असं मला वाटतं. भांडारातली प्रत्येक वस्तू मोजलेली, नोंदलेली आणि कुणा एकाच्या नावावर जबाबदारी म्हणून लिहिलेली असली पाहिजे, ही ती सवय. ज्यानं आयुष्यभर साठा रजिस्टर आणि किर्द लिहिली त्याला तिची किंमत कळेल.

फौजेतून आल्यावर ते सरकारी नोकरीत शिरले आणि 1845 मध्ये वायरबुश भागातल्या खेड्यांचे महापौर झाले. पुढच्याच वर्षी पीक बुडालं. बटाटा शेतात कुजला, राईचं पीक आलं नाही, 1846-47 चा हिवाळा उपासमारीचा गेला. सरकारनं कोठारातून पीठ देऊ केलं, पण रोखीनं. ज्याच्याकडे रोख आहे तो उपाशी नव्हताच! रायफायझन यांनी ती अट बाजूला ठेवली, गावातल्या सधन लोकांची समिती केली, त्यांच्याकडून पैसा उभा केला आणि पीठ-भाकरी उधारीवर वाटली. गावची सामाईक भट्टी बांधली. भाकरी स्वस्त झाली. सरकारी हुकूम मोडून केलेलं हे काम होतं, आणि माजी सैनिकानं केलेलं होतं, म्हणून मला ते अधिक मोलाचं वाटतं. हुकमाचं वजन ठाऊक असलेल्या माणसानं पूर्ण विचारानं घेतलेला तो निर्णय होता.

1848 मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथं दुखणं वेगळं होतं. शेतकऱ्याच्या दावणीची गाय त्याची नसायचीच. गाय उधारीवर द्यायची, हप्ता चुकला की ओढून न्यायची, वर जमीन लिहून घ्यायची, असा व्यापार. 1849 मध्ये त्यांनी साठेक सधन लोकांना एकत्र केलं. त्या साठ जणांनी आपली सगळी मालमत्ता तारण धरून पैसा उचलला आणि शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांवर गुरं घेऊन दिली. पुढे 1852 मध्ये हेडेसडोर्फला गेल्यावर तिथंही मंडळ काढलं. त्याचा पसारा आणखी मोठा होता. अनाथ मुलांची सोय, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, शिवाय कर्जपुरवठा.

आणि हे सगळं काही वर्षांत ढिलं पडलं. श्रीमंतांचा उत्साह आटला. सगळी जोखीम त्यांच्या डोक्यावर आणि फायदा दुसऱ्याचा, असं किती दिवस चालणार? इथं रायफायझन यांची खरी थोरवी दिसते. ते मनानं धार्मिक होते, दानधर्मावर त्यांची श्रद्धा होती. तरी त्यांनी स्वतःच्याच श्रद्धेविरुद्ध हिशेब मांडला आणि कबूल केलं की नुसत्या परोपकारावर पेढी उभी राहत नाही. 1864 मध्ये हेडेसडोर्फची नवी कर्जपेढी निघाली, तिचा पाया वेगळा होता. ज्याला कर्ज हवं त्यानं सभासद झालं पाहिजे, आणि सभासद झाला की पेढीच्या देण्याला तोही आपल्या घरादारानिशी बांधील. देणारा आणि घेणारा ही भिंतच त्यांनी काढून टाकली.

बाकीचे नियम यातूनच आले. पेढीचं क्षेत्र एका चर्चच्या गावापुरतं, कारण त्यापलीकडची माणसं आपल्याला ठाऊक नसतात. कर्ज फक्त सभासदाला, कामापुरतं आणि जामीनदारांवर. मुदत लांब, कारण शेतीचं उत्पन्न सावकाश येतं. पंच मंडळींना मानधन नाही, फक्त हिशेब लिहिणाऱ्याला थोडा मोबदला. नफा वाटायचा नाही, तो राखीव निधीत कायमचा जाणार. आणि गावातल्या मोलकरणीपासून पाटलापर्यंत ज्याचे चार पैसे शिल्लक असतील त्यानं ते याच पेढीत ठेवायचे. या शेवटच्या नियमाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष गेलं. माझ्या मते सगळी किल्ली तिथं आहे. पैसा शेजाऱ्याचा असला की शेजारी लक्ष ठेवतो.

शहरी कारागिरांच्या पतपेढ्या उभारणारे शुल्त्झे-डेलिच त्याच काळात होते. त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. ठेवी थोड्या मुदतीच्या आणि कर्जं लांब मुदतीची, भागभांडवल जवळजवळ नाही, हे धोक्याचं आहे असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता आणि रायफायझन यांना पुढे काही गोष्टी बदलाव्याही लागल्या.

त्यांची आणखी एक बाजू झाकून ठेवू नये. त्या भागातल्या गुरांच्या आणि सावकारीच्या व्यापारात ज्यू होते, आणि सावकारीवरचा राग रायफायझन यांच्या लेखनात सबंध जमातीविरुद्धच्या द्वेषाकडे वळला. ते चूकच होतं. पेढीचं मोल मात्र त्या द्वेषावर उभं नाही, आणि म्हणून ते आजही घेता येतं.

प्रकृतीनं साथ सोडल्यावर 1865 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. तुटपुंज्या पेन्शनीला जोड म्हणून वाइनचा व्यापार केला. पहिली पत्नी 1863 मध्ये गेली होती. दिसत नसल्यामुळे थोरली मुलगी अमालिया हीच त्यांचे डोळे झाली. पत्रं वाचणं, उत्तरं लिहिणं, पुस्तकाचा मजकूर उतरवून घेणं, सगळं तिच्या हातून झालं. तिनं लग्न केलं नाही. सहकाराच्या इतिहासात बापाचे पुतळे आहेत, या मुलीला एखादी ओळ मिळते. हजारो पत्रांतून ज्या पेढ्या गावोगाव उभ्या राहिल्या, त्या पत्रांमागचा हात तिचा होता, हे आपण तरी लिहून ठेवू.

11 मार्च 1888 ला रायफायझन गेले. त्यांच्या पद्धतीच्या बँका आज जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये आहेत, नेदरलँड्सच्या राबोबँकेच्या नावातही त्यांचं नाव दडलेलं आहे. 2016 मध्ये युनेस्कोनं सहकाराची कल्पना मानवजातीच्या वारशात नोंदवली.

आता आमच्या मुलखाकडे येतो. रायफायझन हयात असतानाच, 12 मे 1875 ला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशी झाली, 1879 चा शेतकरी कायदा आला. त्यानंतर पुण्यात विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकऱ्यांसाठी कृषी बँकेची योजना मांडली आणि प्रयोगासाठी तालुका निवडला तो आमचा पुरंदर. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती मान्य केली नाही. मान्य झाली असती तर सासवडच्या पेठेतून या देशातल्या शेतीपतपुरवठ्याची सुरुवात झाली असती, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. पुढे मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या पेढ्या बघायला पाठवलं. त्यांच्या अहवालाचा सगळा निष्कर्ष असा होता की या देशानं स्वतःचा रायफायझन शोधावा. त्यातून 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. खेड्यातल्या संस्थेला अमर्याद जबाबदारी, नफा राखीव निधीला, म्हणजे हेडेसडोर्फचे नियम जवळजवळ जसेच्या तसे. मुंबई इलाख्यातली पहिली अशी सोसायटी 1905 मध्ये तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळला निघाली.

मी नोकरीला लागलो तोवर ते नियम कागदावरून गेले होते, पण काही माणसांत उरलेले होते. एका गावचे चेअरमन मराठा पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार होते. गाव त्यांना मेजर म्हणायचं. आपल्या पेन्शनीतले पैसे त्यांनी सोसायटीतच ठेवीत ठेवलेले. चावडीशेजारच्या खोलीत महिन्याची मीटिंग भरली होती. एक तरुण पोरगा म्हशीसाठी मध्यम मुदतीचं कर्ज मागायला आला. कागद पूर्ण होते, सातबारा कोरा, दोन जामीनदार बाहेर बसलेले. मी ठराव लिहायला घेतला.

मेजर म्हणाले, “सचिव, थांबा जरा.” मग त्या पोराला, “म्हस घेणार, मग वैरण कुठाय?”

“कडबा हाय, मेजर. अन् विहिरीला पाणी हाय.”

“मेपर्यंत पुरतं?”

“पुरतं की.”

“मग मागच्या एप्रिलात तुझी आई हंडा घेऊन आमच्या विहिरीवर कशी होती?”

पोरगा गप्प. मेजर म्हणाले, “पाऊस पडू दे. जूनच्या मीटिंगला ये. म्हस बघायला बाजारात मी संगं येतो, नाहीतर दलाल तुला भाकड म्हस गळ्यात मारंल.” तो जूनमध्ये आला, मेजर बाजारात गेले आणि ते कर्ज मुदतीआधी फिटलं. आमच्या कर्ज अर्जात विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये किती असतं असा रकाना नव्हता, आणि रकाना असता तरी काही झालं नसतं, कारण तो भरणारा ते बघायला गेला नसता. मेजरांना ते ठाऊक होतं, कारण विहीर त्यांची होती, आणि पेढीतला पैसाही.

हे सगळं उणं होत गेलं त्याचं मूळ जुनं आहे. 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत दिसलं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3.1 टक्के. बाकी सावकार आणि व्यापारी. गोरवाला समितीनं 1954 मध्ये सांगितलं की सोसायट्या मोठ्या करा, जबाबदारी मर्यादित करा, सरकारनं भागीदार व्हावं. मी त्या समितीला दोष देणार नाही. गावच इतकं पिचलेलं होतं की गावाच्या ठेवींवर गावाची शेती उभी राहणं शक्य नव्हतं. वरून पैसा आलाच पाहिजे होता, आणि तो आला म्हणूनच विहिरी झाल्या, ऊस झाला, द्राक्ष झाली, पुरंदरचं अंजीर मुंबईच्या बाजारात गेलं. पण वरून पैसा येताना खालची ठेव मागं पडली ती कायमची. केरळातल्या प्राथमिक सोसायट्या गावच्या ठेवींवर उभ्या आहेत. आमच्या बहुतेक सोसायट्यांच्या ताळेबंदात ठेवींचा आकडा बघवत नाही. सोसायटी मध्यवर्ती बँकेकडून उचलते आणि सभासदाला देते, मधल्या मधे आपलं असं तिच्याकडे काही नाही. सभासदांकडचं येणं बँकेच्या देण्यापेक्षा कमी पडलं की त्याला अनिष्ट तफावत म्हणायचं आणि पुढच्या अहवालात तोच शब्द पुन्हा छापायचा.

मार्चअखेरीला कचेरीत बसून बघा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य, ही सवलत चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण ती मिळवायची तर 31 मार्चच्या आत मुद्दल भरलं पाहिजे. कांद्याचे पैसे आडत्याकडे अडकलेले, अंजिराचा हंगाम चालू, हातात रोकड नाही. मग शेतकरी गावातल्याच कुणाकडून आठ-दहा दिवसांसाठी लाख रुपये उचलतो, शेकडा दोन-तीन रुपये कबूल करतो, ते सोसायटीत भरतो आणि नवं कर्ज मंजूर होऊन आलं की त्यातूनच त्याची परतफेड करतो. याला नवं-जुनं म्हणतात. कागदावर वसुली उत्तम, व्याज शून्य. प्रत्यक्षात सावकार दीडशे वर्षांपूर्वी जिथं होता तिथंच आहे, फक्त त्याचा हंगाम आता मार्च अखेरचे दहा दिवस. ज्या गावात सावकाराकडे नवं-जुनं करायला दहा दिवसांचा पैसा निघतो, त्या गावात पैसा नाही असं कुणी म्हणू नये. तो पैसा सोसायटीत नाही, एवढंच.

कर्जमाफीबद्दल लोक मला विचारतात. 2008, 2017, 2019, प्रत्येक वेळी याद्या केल्या, अंगठे घेतले, नंतरच्या दोन वेळी आधारही जोडले. दुष्काळानं मोडलेल्या घराला ती मिळालीच पाहिजे, आणि मिळाल्यावर रडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण प्रत्येक माफीनंतर नियमित फेडणारा सभासद काउंटरसमोर उभा राहून विचारायचा की माझं काय चुकलं, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. पैसा गावचा असता तर माफीचा प्रश्न गावानंच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला असता. कुणाला खरंच सूट द्यायची आणि कुणाच्या दारात जाऊन बसायचं, हे ठरवायला गावाला मंत्रालयाचा आदेश लागला नसता.

संचालकांची गोष्ट मी स्पष्टच सांगतो. सहकार कायद्यात कलम 88 आहे, संस्थेचं नुकसान केलेल्या संचालकाकडून ते वसूल करता येतं. चौकशी लागते, सुनावण्या होतात, स्थगिती येते, आणि निकालापर्यंत संचालक दोन निवडणुका जिंकलेला असतो. रायफायझन यांच्या पेढीत पंचाला मानधन नव्हतं आणि बुडीत कर्जात त्याचंही घर होतं. आमच्याकडे पंचाला बैठक भत्ता आहे आणि घर सुरक्षित आहे.

अमर्याद जबाबदारी आज परत आणा असं मी म्हणत नाही. एका बुडव्या सभासदापायी शेजाऱ्याची जमीन जाणं आजच्या काळात न्याय्य नाही आणि कुणी त्याला तयारही होणार नाही. मी मागतो आहे ते त्याहून कमी आहे. प्रत्येक संचालकानं निवडून आल्यावर आपल्या ऐपतीप्रमाणे पाच वर्षांची मुदत ठेव आपल्याच सोसायटीत ठेवावी आणि त्याच्या सहीनं दिलेलं कर्ज थकलं तर आधी त्या ठेवीवर बोजा चढावा. सोसायटीनं सभासदांकडून ठेवी घ्यायला पुन्हा सुरुवात करावी. अगदी थोड्या रकमेपासून, आणि त्या ठेवींतून मार्चअखेरीच्या दहा दिवसांचं कर्ज द्यावं, साध्या व्याजानं. नवं-जुनं करणारा सावकार एवढ्यानं गावातून उठेल. याला धोका आहे. सोसायटीतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं विमा संरक्षण नाही, आणि आपल्या राज्यात बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात बसलेली म्हातारी माणसं मी विसरलेलो नाही. म्हणून ठेवी घेणाऱ्या सोसायटीचं लेखापरीक्षण वर्षातून दोनदा व्हावं आणि थकबाकीदारांची यादी, संचालकांच्या नातेवाइकांसकट, चावडीवर लागावी. संगणकीकरण झालं आहे, यादी काढायला एक बटण लागतं.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका छापायच्या आधी सभासदांना विषय देता येतो. ‘सभासदांच्या ठेवी स्वीकारणे व संचालकांनी ठेव ठेवण्याबाबत विचार करणे’ एवढा विषय लेखी देऊन त्याची पोच घ्या. सभेत तो वाचला गेला की पुढे एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. अनुमोदक म्हणून माझं नाव घ्या, मी अजून सभासद आहे.